फ्रिजवर माथेरान

गाडीकाकांच्या घरी हॉल नाही, यार्ड आहे. बिल्डरच्या नकाशात तो हॉलच होता, सोळा बाय दहाचा, आणि पहिली काही वर्षं तिथे सोफा, टीव्ही, शोकेस अशी चारचौघांसारखी मांडणीही होती. आता नवीन पनवेलच्या त्या फ्लॅटचं दार उघडलं की डाव्या हाताला पनवेल जंक्शन लागतं, खिडकीखाली आपटा आणि पेण, टीव्हीच्या जागी रोहा. स्वयंपाकघरात जायचं तर रोहा आणि कोलाड यांच्या मधून वाकून जावं लागतं. कमरेला पट्टा लावून आलेल्या पाहुण्याला पाणी बाहेरच आणून देतात. सोफा धाकट्या मेहुण्याकडे ‘काही दिवसांसाठी’ गेला होता, तो तिकडेच नांदतो आहे. फ्रिज मात्र हॉलमध्येच राहिला, कारण फ्रिजवर माथेरान आहे.

काकांचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर असतं, त्यापलीकडे ते कुणी वापरत नाही. तळोज्याच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला लागतात, ज्येष्ठ नागरिक संघात भांडतात, नाहीतर गावच्या घराच्या पायरीचा वाद उकरून काढतात. काकांनी प्रॉव्हिडंट फंडाचा लहानसा तुकडा मोडून जर्मन रूळ घेतले. ‘लहानसा’ हा शब्द काकांचा. काकूंचा शब्द वेगळा आहे, पण तो त्या फक्त माहेरच्या माणसांत वापरतात.

अशी माणसं डोंबिवलीत आहेत, कोथरूडला तर आहेतच आहेत. पण पनवेलचा वाण निराळा. इथे रेल्वे फार उशिरा आली. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ला. पनवेलची नगरपालिका त्याच्या आदल्या वर्षीची, १८५२ची. म्हणजे गावाने आधी नगरपालिका काढली आणि मग गाडीची वाट बघत बसलं, ते शंभराहून जास्त वर्षं. जुन्या गॅझेटियरात पनवेलचा धंदा म्हणून बैलगाडीची चाकं बनवणं नोंदलं आहे. चाकं तयार, रुळांचा पत्ता नाही. दिव्याहून रूळ आले ते १९६०च्या दशकात. कोकण रेल्वे सबंध खुली झाली २६ जानेवारी १९९८ला, आणि मुंबईची लोकल पनवेलपर्यंत आली तीही त्याच वर्षी. काकांनी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पनवेलात आलेली पहिली गाडी पाहिली. त्या दिवसाचे तपशील त्यांच्या सांगण्यात दरवर्षी वाढतात. गेल्या दिवाळीपर्यंत इंजिनाच्या ड्रायव्हरने हात हलवला होता. या दिवाळीत त्याने काकांना नावही विचारलं.

घरात रेल्वे मांडणारा माणूस मनाने लहान मूल असतो, असं एक गोड मत लोकांमध्ये आहे. ते काकांना भेटायच्या आधीचं असतं. लहान मूल गाडी पळवतं. काका रेल्वे चालवतात. त्यांच्याकडे वेळापत्रक आहे, परिपत्रकं आहेत, अपघात चौकशीची फाइल आहे आणि प्रत्येक प्रवाशाचं बिन कार्ड आहे. स्टोअरमध्ये तीस वर्षं नटबोल्टांची जी नोंद ठेवली तशीच. ‘प्रवासी, पुरुष, बसलेला – ४०. प्रवासी, स्त्री, डब्यासह – १२. फेरीवाला, वडापाव – ३. खिडकीतून थुंकणारा – १.’ महिन्याच्या अखेरीस स्टॉक मोजला जातो. एकदा एक वडापाववाला कमी भरला तेव्हा घरात दोन दिवस केर काढायला बंदी होती.

सगळा खेळ – काका ‘खेळ’ म्हणू देत नाहीत – तर सगळा कारभार एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात आहे. खऱ्या रेल्वेतलं काहीही घ्या, ८७ने भागा. हा भागाकार काकांच्या अंगात इतका मुरला आहे की नातू झाला तेव्हा तो किती इंचांचा हे ऐकून त्यांनी मनातल्या मनात त्यालाही भागला. मुंबई ते पनवेल लोकलचं अंतर ४९ किलोमीटर. भागून येतात सुमारे ५६३ मीटर. “म्हणजे आपल्या सोसायटीच्या गेटपासून भाजी मार्केटच्याही पुढे,” काका सांगतात, आणि त्यांच्या डोळ्यांत जी चमक येते तिला सोसायटीची कमिटी टरकून असते. नव्या पद्धतीचा एलएचबी डबा साडेतेवीस मीटरचा, म्हणजे घरात सत्तावीस सेंटिमीटरचा. अशा बावीस डब्यांची गाडी इंजिनासह सहा मीटरच्या वर जाते. हॉल सोळा फुटांचा. पूर्ण मांडवी एक्सप्रेस उभी केली असती तर इंजिन आपट्याला आणि शेवटचा डबा जिन्यात राहिला असता.

मग डबे कमी करणं आलं. यावर घरात जी चर्चा झाली तशी रेल्वे बोर्डातही होत नसेल. मांडवी तिच्या खाण्यापिण्यासाठी नावाजलेली, तेव्हा पॅन्ट्रीला हात लावायचा नाही यावर एकमत होतं. काकांनी दोन्ही जनरल डबे काढले.

“जनरल काढलात? मग गरिबांनी जायचं कसं?” काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“अगं, हे मॉडेल आहे.”

“मॉडेलातसुद्धा एसीच ठेवा तुम्ही. तुमचा भाऊ तसा, तुम्ही तसे.”

एसीचे दोन डबे गेले, जनरल परत लागले. आता मांडवी आठ डब्यांची आहे आणि पनवेल स्टेशनच्या फलकाशेजारी सुवाच्य अक्षरांत ‘तूर्तास’ असं लिहिलं आहे.

याच भागाकाराने काकांचं सर्वांत मोठं काम घडवलं आणि काकूंचं डायनिंग टेबल खाल्लं. रत्नागिरीजवळ पानवल नदीवर कोकण रेल्वेचा पूल आहे, ६४ मीटर उंच, ४२४ मीटर लांब. (पाहुणे हमखास म्हणतात, “वा, पनवेलचा पूल!” त्यांना काका पुढचा चहा जरा उशिरा देतात.) चौसष्टला ८७ने भागलं तर येतात साधारण चौऱ्याहत्तर सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या टेबलाची उंची. चारशे चोवीसला भागलं तर चार मीटर सत्त्याऐंशी सेंटिमीटर, म्हणजे सोळा फुटांना जेमतेम तीन मिलिमीटर कमी. हॉलची एक अख्खी भिंत आणि हा पूल एकमेकांसाठीच बनले होते! काका याला दैवी संकेत मानतात. टेबल होतं तिथे आता पानवल नदीचं खोरं आहे, आणि घरातली माणसं त्या खोऱ्यात पाट टाकून जेवतात. “आम्ही नदीपात्रात बसतो,” काकू सांगतात, “पूररेषेच्या आत.”

पुलापुढे वळायला जागा नव्हती, म्हणून बेडरूमच्या भिंतीला भोक पाडून करबुड्याचा बोगदा केला. खरा साडेसहा किलोमीटरचा, हा नऊ इंचांचा. शिवाय खरा बोगदा मुंबईहून जाताना रत्नागिरीच्या आधी लागतो आणि पूल रत्नागिरीनंतर. इथे उलटं झालं आहे. मधली वीर, खेड, चिपळूण ही स्टेशनं तर जागेअभावी रखडलीच आहेत. भूगोलाची ही मोडतोड काका पाहुण्यांना स्वतःहून दाखवतात, कारण दुसऱ्या कुणी दाखवलेली त्यांना सोसत नाही. एका गोष्टीबद्दल मात्र ते बोलत नाहीत. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. भागून यायला हवेत सव्वाएकोणीस मिलिमीटर. बाजारात मिळणारा रूळ युरोपातल्या गेजचा, साडेसोळाचा. त्या पावणेतीन मिलिमीटरचं दुःख काकांनी सुनेलाही कधी सांगितलेलं नाही. मला सांगितलं ते एकदा गटारी अमावास्येला.

सरकारनेही काकांना दुखावलं आहे. २०२०मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क वीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर गेलं आणि २०२३मध्ये सत्तर झालं. घरगुती रेल्वेची इंजिनं, डबे, रूळ सगळं खेळण्यांतच मोडतं. पैशाचा भार होताच, पण खरा घाव वर्गवारीचा होता. “खेळणी!” काका आठवडाभर हा एकच शब्द निरनिराळ्या आवाजांत म्हणत होते. तेव्हापासून आयात नातेवाइकांच्या बॅगांतून होते. काकांचा भाचा श्टुटगार्टला असतो, आणि तिथून छोट्या रेल्वे बनवणाऱ्या मेर्क्लिन कंपनीचं ग्योपिंगन गाव हाकेच्या अंतरावर आहे. भाच्याला त्या वेळी अमेरिकेतही नोकरी मिळत होती. “जर्मनीच बरी, शिस्तीचा देश,” असा सल्ला काकांनी दिला, तेव्हा त्यात भाच्याच्या हिताशिवाय आणखी काही असेल अशी शंका कुणाला आली नाही. आता तो येताना चाकं आणतो आणि जाताना मेतकूट, कुळथाचं पीठ आणि पापड नेतो. व्यापार समतोल आहे.

जर्मनीतून चाकं येतात, डबे येत नाहीत. कारण जर्मन दुकानात पनवेलवरून जाणारा डबा कुठला मिळायला! तो घरीच बनतो. प्लास्टिकचा पातळ पत्रा, सनबोर्ड, कटर, फेव्हिक्विक आणि काकांचं भिंग. मद्रासच्या पेरांबूरला १९५५पासून बनणारे आयसीएफचे जुने डबे २०१८ला बनायचे थांबले. काकांच्या बेडरूममध्ये अजून बनतात. एकेका डब्याला दोन-तीन महिने लागतात, कारण काका आतही काम करतात. निळ्या रेक्झिनचे बर्थ आहेत. मधला बर्थ खाली पडतो आणि साखळीवर टांगता येतो. संडासात स्टीलचा मग आहे आणि तो साखळीने बांधलेला आहे; साखळी काकूंच्या जुन्या मंगळसूत्राच्या तुटलेल्या सरातली. बाजूच्या खालच्या बर्थवर आरएसीवाले दोघे एकमेकांकडे न बघता बसले आहेत. खिडक्यांच्या गजांखाली विटकरी रंगाचे ओघळ आहेत, आणि ते कुठून कुठे गेले पाहिजेत यासाठी काकांनी पनवेलच्या फलाटावर उभं राहून वाऱ्याची दिशा आणि गाडीचा वेग यांचा अभ्यास केला आहे.

एवढं सगळं करून वर छत चिकटवतात. मग आतलं काही दिसत नाही.

“मग केलं कशाला?” मी विचारलं.

काका माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, “आत आहे हे मला माहीत असतं ना.”

माणसांची अडचण वेगळीच निघाली. या मापाची तयार माणसं जर्मनीहून येतात, म्हणजे ती जर्मन असतात. पहिल्या खेपेला जे प्रवासी पनवेल स्टेशनवर उतरले त्यांत ओव्हरकोट घातलेले सहा जण, स्की घेतलेले दोघे आणि टॉवेल अंथरून उन्हात पडलेली एक बाई होती. मे महिना होता. शेजारच्या आजी बघायला आल्या आणि त्या बाईकडे बघून काही न बोलता परत गेल्या. मग काकांनी शस्त्रक्रिया सुरू केल्या. ओव्हरकोट तासून सदरे झाले. स्की कापून त्यांच्या छत्र्या झाल्या. उन्हातल्या बाईला हिरवं लुगडं रंगवून, बसती करून, पेणच्या फलाटावर पोह्याच्या पापडाची टोपली दिली. चेहरे तेवढे बदलता आले नाहीत. जवळून पाहिलं तर कोकणात निघालेले सगळे चाकरमानी थोडे घारे आहेत. काकांच्या मते रत्नागिरी जिल्ह्याच्या बाबतीत हे खपून जातं.

पण काकांची खरी किमया ऋतूंची. युरोपातल्या मॉडेलवाल्यांचा एक शौक म्हणजे बर्फ. हॅम्बुर्गला २००१ साली दोघा जुळ्या भावांनी उघडलेलं मिनिआतुर वुंडरलँड म्हणजे या जगातली पंढरी. त्याचे व्हिडिओ काका तोंडात सुपारी धरून बघतात. पण बर्फाचं कौतुक त्यांना नाही. एकदा पांढरं केलं की झालं. आपल्याकडे सह्याद्री वर्षातून चार वेळा कपडे बदलतो, तो करून दाखवा. म्हणून काकांनी रुळांमागची जमीन सुटी ठेवली आहे, प्लायवुडच्या फळ्यांवर. रूळ तेच, देखावा बदलतो. पलंगाखाली कायम तीन ऋतू असतात आणि चौथा हॉलमध्ये.

उन्हाळा सोपा. वाळवलेला चहाचा चोथा म्हणजे माती, दोऱ्याचे पिवळे तुकडे म्हणजे सुकलेलं गवत, आणि शेताच्या एका कोपऱ्यात काळी रांगोळी. बाहेरचे लोक विचारतात, इथे आग लागली का? ती राबाची जमीन असते. रोपं टाकायच्या आधी पालापाचोळा आणि शेण पसरून भाजलेली. हे न सांगता ओळखणाऱ्याला काका दुसरा चहा देतात. होळीच्या सुमाराला पांगारा आणि काटेसावर लागतात, मे महिन्यात बहावा. बहाव्याची फुलं हळदीची. झाडांची खोडं सुकलेल्या घोसाळ्याच्या जाळीतून येतात, पाला भांडी घासायच्या हिरव्या घासणीतून. रुळांखालची खडी आधी खसखशीची होती. दिसायला अप्रतिम, पण काकूंनी वाण्याचं बिल पाहिलं, आणि त्याच रात्री मुंग्यांनी रोहा ते कोलाड खडी उचलून नेली. हल्ली बारीक चाळलेली वाळू असते.

हिवाळ्यात कर्नाळ्याच्या पायथ्याशी एक शेत लागतं आणि त्यात पोपटी. रायगडात राहून पोपटी माहीत नसेल तर वाचकाने आपलं वास्तव्य तपासावं: वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वर भांबुर्ड्याचा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. काकांच्या शेतात शेंगदाण्याएवढं मडकं आहे, त्याखाली लाल एलईडी धुगधुगतो आणि भोवती सात जण बसलेत, त्यांतला एक मोबाइल बघतोय. हा मोबाइलवाला जर्मन मूळचा नाही. तो काकांनी सुनेच्या नेलपॉलिशच्या ब्रशच्या दांडीतून कोरला आहे.

गणपती हा काकांच्या हिशेबात स्वतंत्र ऋतू आहे, आणि कोकण रेल्वेच्या हिशेबातही. जादा गाड्या सुटतात. पेणच्या फळीवर मूर्तींच्या कार्यशाळा उघडतात. मोहरीएवढ्या गणपतीला सोंड काढताना काका श्वास रोखून धरतात आणि काकूंना घड्याळ घेऊन शेजारी बसवतात. पनवेलच्या फलाटावर कपाटातली सगळी माणसं ओतली जातात. गर्दी मापात बसत नाही तेव्हाच ती खरी दिसते, हे काकांचं निरीक्षण आहे आणि ते मला कुठल्याही कलासमीक्षकापेक्षा पक्कं वाटतं.

आणि पावसाळा. तो आला की माथेरान बंद. खरी नेरळ–माथेरान गाडी, आदमजी पीरभॉयने १९०७ला सुरू केलेली, दोन फुटी रुळांची, पावसाळ्यात घाटात धावत नाही. वरच्या अंगाला अमन लॉज ते माथेरान तेवढी फेरी चालू असते. फ्रिजवरही तसंच. खालचा रूळ निघतो, वर टोस्टरच्या उंचीवर एक चिमुकली गाडी एक हात पुढे, एक हात मागे करत राहते. मग जूनमध्ये पलंगाखालून हिरव्या फळ्या निघतात. फेव्हिकॉल आणि वॉर्निशने ओली केलेली खाचरं, लावणीच्या रांगा, पाठीवर इरली, डोंगरावरून उतरणारे ग्लू गनचे धबधबे. सप्टेंबरात कातळावर सोनकी फुलते. जुलैत पनवेलची हवा काय करते हे इथल्या माणसाला सांगायला नको: सनबोर्ड वाकतो, रूळ काळे पडतात, आणि एका वर्षी तर डोंगरावर खरीच बुरशी धरली. पुसून काढायला निघालेल्या सुनेला काकांनी अडवलं. शेवाळाचा तो पोत त्यांना सहा वर्षं जमत नव्हता.

पण देखावा बदलून भागत नाही. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं. दरडींच्या भीतीने गाड्या हळू चालवतात, वेळा बदलतात. तेच वेळापत्रक काकांच्या हॉलमध्येही लागू होतं. २०२४पर्यंत ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. २०२५ला कोकण रेल्वेने ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं आवरतं घेतलं, आणि घरात दिवाळीची साफसफाई एकदाची दिवाळीच्या दिवसांत होऊ शकली. या दिवसांत मांडवी इतकी हळू जाते की पाल तिला ओलांडून जाते. पानवलच्या खऱ्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं आहेत आणि वारा वाढला की गाडी थांबवतात. काकांनी पुलावर कागदाचं भिरभिरं लावलं आहे. उकाड्याने हैराण झालेला पाहुणा पंखा तीनवर करतो, भिरभिरं फिरतं, सिग्नल लाल होतो आणि पनवेलपासून कोलाडपर्यंत वाहतूक ठप्प. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,” असा काकूंचा आवाज मोबाइलच्या स्पीकरवरून येतो. तो त्यांनी एकदाच ध्वनिमुद्रित करू दिला, आणि त्याच्या मोबदल्यात त्यांना अष्टविनायक यात्रा मिळाली. यात्रा एसटीने झाली; काका स्वतः रेल्वेने फारसे जात नाहीत. रेल्वेत बसलं की रेल्वे दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.

नातू मात्र या सगळ्याला कंटाळतो. त्याला टक्कर हवी असते. बोरीबंदर–ठाणे गाडीला तीन इंजिनं होती, साहिब, सिंध आणि सुलतान, एवढं ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, “त्यांतलं जिंकलं कोण?” काकांनी त्याला मांडीवर घेऊन सिंगल लाइन समजावली: एका वेळी एका टप्प्यात एकच गाडी, समोरून येणारी लूप लाइनवर घ्यायची, सांधा बदलायचा, लाइन क्लिअर मिळेपर्यंत थांबायचं. “म्हणजे टक्कर होऊच नये म्हणून एवढं सगळं?” नातवाने निराश होऊन विचारलं. “हो,” काका म्हणाले आणि कोलाडला क्रॉसिंग लावलं. मांडवी लूपवर उभी. समोरून मालगाडी यायची, पण मालगाडी अजून बेडरूममध्ये. सात मिनिटं काही हललं नाही. नातू उठून गेला, सून उठून गेली, मीही घड्याळ बघत होतो. काका खुर्चीत मागे रेलून उभ्या गाडीकडे बघत बसले होते, आणि इतका तृप्त माणूस मी तरी लग्नाच्या पंक्तीतही पाहिलेला नाही. गाडी धावत असते तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी असते: सांधा नीट बसला का, डबा उतरेल का, मेहुण्यांची मुलं हात लावतील का. गाडी नियमाने उभी राहिली की ते सुखी. कारखान्यात तीस वर्षं त्यांनी पाठवलेल्या मागणीपत्रावर वरचा साहेब पाहिजे तेव्हा सही करायचा. इथे सिग्नल त्यांच्या हातात आहे, आणि तो न देण्यातला आनंद देण्यापेक्षा मोठा आहे. या जातीच्या माणसांबद्दलचं माझं हे मत आहे आणि काकूंनाही ते मान्य आहे.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८पासूनचं. काका तिथे देवळात जावं तसे जातात, चपला मात्र घालून. शोमध्ये दिवे मंद होऊन गाव उजळतं तेव्हा शेजारच्या पोरांच्या आधी टाळी त्यांची असते. परत येताना ते गप्प असतात. एका माणसाने आपला छंद सबंध गावाला तिकीट लावून दाखवला, त्याच्या घरच्यांनी पुढे तो जपला, हे त्यांना आपल्या हॉलशी ताडून बघायचं असतं. पनवेल येईपर्यंत ताडून होतं आणि ते म्हणतात, “पण त्यांच्याकडे राब नाही.”

हल्ली त्यांना एकच प्रश्न छळतो. ८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झाल्यापासून येणारा प्रत्येक जण विचारतो, “काका, विमानतळ कधी?” हॅम्बुर्गच्या त्या वुंडरलँडमध्ये छोटा विमानतळही आहे, विमानं खरोखर धावपट्टीवरून उठतात, हे कुणीतरी काकूंना दाखवलं. विमानतळ एका जागी राहतो, त्याला घरभर रूळ लागत नाहीत, म्हणून काकूंचा त्याला पाठिंबा आहे. काका इतकंच म्हणतात, “भूसंपादन बाकी आहे.” ते मुलाच्या खोलीकडे बघून म्हणतात, आणि मुलगा हल्ली खोलीला कुलूप लावून ऑफिसला जातो.

तुम्हाला बघायला जायचं असेल तर रविवारी दुपारी चारनंतर जावं. पत्ता नवीन पनवेलात कुणीही सांगेल. चपला बाहेर काढाव्यात, पंख्याला हात लावू नये, ‘खेळणं’ हा शब्द तोंडातून काढू नये आणि कमरेचं दुखणं असेल तर पाणी पिऊन जावं. जून ते ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांनी हातात वेळ ठेवावा. चहा मांडवीच्या पॅन्ट्रीतून येतो आणि ती कोलाडला उभी असते.